प्रश्नपेटी : निखाऱ्यावरचे भोजन आणि शेजाऱ्याचे मन



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत विवाह, शेतीची वाटणी, मुलांचे शिक्षण, व्यसने यांविषयीचे प्रश्न नेहमीच असतात. या खेपेस एका मातेचे जे पत्र आले आहे, ते मात्र ताटातील एका पदार्थाविषयी आहे. पत्र वाचून प्रथम वाटले की, दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे. परंतु पत्राच्या शेवटी त्या माउलीने जे लिहिले आहे ते ध्यानी घेता हा प्रश्न दोन ओळींचा नाही, आणि एकट्या त्यांच्या घरचाही नाही. म्हणून सबंध सदर त्यालाच देत आहे.

या भगिनी गोदाकाठच्या एका खेड्यात राहतात. त्यांचा थोरला मुलगा भोपाळजवळच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. कारखान्याने त्यास तीन महिन्यांच्या शिक्षणासाठी जपानला धाडले. परतण्याच्या आदल्या रात्री तेथील वरिष्ठांनी या मुलांना एका उंची भोजनगृहात नेले. तेथे प्रत्येक मेजाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी होती. वाढप्याने कच्च्या गोमांसाचे पातळ काप तबकात मांडून आणले आणि पाहुण्यांनी ते आपल्या हातांनी भाजून खाल्ले. मुलाने मोठ्या कौतुकाने छायाचित्रे घरी पाठविली.

येथून अडचणीला आरंभ झाला. चुलते म्हणाले, "एका जेवणाच्या त्या पैशांत आपल्या घरची महिन्याची बाजारहाट झाली असती." एका आप्ताने बजावले, "ही छायाचित्रे कोणाला दाखवू नका. गावात बोभाटा होईल." आणि तिकडे भोपाळात त्याच्याबरोबर एकाच खोलीत राहणारा, बैतूलकडचा मराठी बोलणारा हिंदू मित्र ती छायाचित्रे पाहून गप्पच झाला. दोन वर्षे दोघे एका पातेल्यातले खात होते. आता तो आपला भात वेगळा शिजवितो. भांडण नाही, शब्द नाही, केवळ पातेली दोन झाली आहेत. माता विचारते : "फादर, माझ्या मुलाने पाप केले काय? त्याने मित्राची क्षमा मागावी काय? आणि नाताळात आम्हां दोघांना भोपाळला नेऊन तसेच जेवण घालीन असे तो म्हणतो, तर आम्ही जावे काय?"

भगिनी, आपल्या प्रश्नांची उत्तरे मी क्रमाने देतो. पण आधी ते भोजन म्हणजे काय हे समजून घेऊ. कारण ज्या वस्तूची माहिती नाही तिच्याविषयी भय आणि मोह दोन्ही फार लवकर उत्पन्न होतात.

या प्रकारास जपानी भाषेत 'याकिनिकु' म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे : भाजलेले मांस. उंची ठिकाणी जे मांस देतात ते 'वाग्यू', म्हणजे जपानी जातींच्या गुरांचे असते. अशा जाती चार असून त्यांत काळ्या गुरांची जात सर्वांत मोठी आहे. या गुरांच्या मांसात चरबी वेगळ्या थराने साचत नाही. तांबड्या मांसात पांढऱ्या धाग्यांची जाळी विणावी तशी ती सर्वत्र पसरलेली असते. मांसाची प्रत ठरविताना ही जाळी पाहतात. परीक्षक अ, ब, क अशी अक्षरे आणि एक ते पाच असे अंक देतात. 'अ ५' ही सर्वांत वरची प्रत. निखाऱ्यावर काप ठेवताच ती चरबी वितळते, म्हणून असे काप फार वेळ भाजावे लागत नाहीत. कच्चे मांस उचलण्याचा चिमटा वेगळा आणि खाण्याच्या काड्या वेगळ्या ठेवण्याची शिस्त तेथे आहे. कोळसाही निवडक असतो. वाकायामा प्रांतात एका जातीच्या ओक लाकडापासून 'बिन्चोतान' नावाचा पांढुरका, कठीण कोळसा करतात. तो धूर थोडा देतो आणि पुष्कळ वेळ धगधगत राहतो. या गुरांना मद्य पाजतात, रोज अंग रगडतात, अशा कथा जगभर सांगितल्या जातात. त्या बहुतांशी सांगोवांगीच्या आहेत. खरी गोष्ट याहून शहाणपणाची आहे. २००१ साली जपानात गुरांच्या मेंदूचा एक भयंकर रोग आढळला, त्यानंतर २००३ साली तेथे कायदा झाला आणि प्रत्येक जनावरास दहा आकडी क्रमांक मिळाला. ताटातील तुकडा कोणत्या गोठ्यातून आला, हे त्या क्रमांकावरून शोधता येते.

आता आपण खेड्यातील माणसे आहोत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्या गुरांचे मांस आज एवढ्या किमतीस विकले जाते, ती पूर्वी खाण्यासाठी पाळलेली नव्हती. ती नांगराची गुरे होती. ह्योगो प्रांतातील ताजिमा भागाची गुरे, ज्यांच्यापासून कोबे शहराच्या नावाचे प्रसिद्ध मांस मिळते, डोंगरउतारावरच्या भातखाचरांत राबत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० ते १९७० च्या दरम्यान, शेतात यंत्रे आली आणि गोठ्यातला सोबती बाजाराकडे वळला. आपल्याकडे पोळ्याला ज्याच्या शिंगांना रंग लावतो, त्याच्यासारखाच तो प्राणी होता. जपानी माणसालाही हे कळत होते. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी वर्षाच्या शेतीच्या महिन्यांत गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई केली होती. बुद्धाच्या शिकवणीचा प्रभाव आणि शेतीची गरज अशी दोन्ही कारणे त्यामागे होती. पुढे बारा शतके तेथे गोमांसभक्षण हे सभ्य माणसाला न शोभणारे कृत्य मानले गेले. ही रूढी मोडली ती १८७२ साली, जेव्हा सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर करण्यात आले. तेव्हा वाचकहो, गाईबैलाचे मांस वर्ज्य मानणारे लोक केवळ आपल्याच देशात आहेत असे समजू नये. आणि जो देश आज त्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, त्याची ही प्रसिद्धी फार जुनी नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. मेजावर शेगडी ठेवून मांस भाजण्याची ही पद्धत जपानात पसरली ती बव्हंशी कोरियातून आलेल्या लोकांमुळे. कोरियावर जपानचे राज्य होते तेव्हा मजुरीसाठी आलेले हे लोक युद्धानंतर ओसाकासारख्या शहरांच्या गरीब वस्त्यांत राहिले. इतरांनी टाकलेली आतडी, काळीज, कोथळा ते स्वच्छ करीत, तिखट मसाला लावून कोळशावर भाजीत आणि विकीत. जपानी समाज त्यांना हलके लेखी. ज्या देशी लोकांचा पिढीजात धंदा मेलेले जनावर सोडविण्याचा व कातडी कमावण्याचा, त्यांनाही तेथे अस्पृश्यासारखे वागविले जाई. १८७१ साली तो भेद कायद्याने रद्द झाला, तरी मनांतून लवकर गेला नाही. आज श्रीमंत माणसे ज्या शेगडीभोवती बसतात, ती शेगडी प्रथम अशा अपमानित माणसांच्या अंगणात पेटली होती.

हे वाचून आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांना आपल्या आजा-पणजाची आठवण होईल. मराठवाड्यात आणि नगरच्या मुलखात ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्या वाट्याला मेलेल्या जनावराचे मांस आले. ते त्यांनी वाळवून 'चान्या' करून पावसाळ्यासाठी राखले. आणि मग तेच मांस खातात म्हणून त्यांना पुन्हा दूर ठेवले. श्री. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या खाद्यसंस्कृतीची नोंद कोणतीही लाज न बाळगता केली आहे. आपले पूर्वज काय खात होते याची लाज त्यांना का वाटावी? लाज वाटावी ती त्यांना दुसरे काही मिळू न देणाऱ्यास. हे एवढ्यासाठी सांगतो की, भगिनी, आपल्या आप्ताने "दाखवू नका" म्हणून जे भय घातले, त्यातील काही भाग सावधगिरीचा असेल, परंतु काही भाग या जुन्या लाजेचा आहे. सावधगिरी ठेवावी, लाज टाकून द्यावी.

आता पहिला प्रश्न. मुलाने पाप केले काय? नाही. आपल्या श्रद्धेत कोणतेही अन्न स्वतःहून अपवित्र नाही. यापो येथे संत पेत्राला झालेल्या दर्शनाची कथा आपण प्रार्थनामंदिरात ऐकली आहे. माणसाला अशुद्ध करते ते तोंडात जाणारे नव्हे, तर अंतःकरणातून निघणारे, ही प्रभूची शिकवण मुलेही जाणतात. ख्रिस्तसभा मांस वर्ज्य करावयास सांगते ती शुक्रवारी व प्रायश्चित्तकाळात, आणि तीही मांस वाईट म्हणून नव्हे. ते चांगले आहे, म्हणूनच त्याचा त्याग अर्पण करण्यायोग्य ठरतो. यजमानाने आदराने वाढलेले अन्न आपल्या मुलाने आदराने खाल्ले. जपानी लोक घास घेण्यापूर्वी हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात. मी हे नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा भाव आहे. मुलाने त्यावेळी आपल्या घरची भोजनापूर्वीची प्रार्थना मनात म्हटली असेल, तर त्या मेजावर काहीच उणे राहिले नाही.

चुलत्यांचे बोलणे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. टोकियोसारख्या शहरात अशा उंची भोजनास माणशी दहा ते वीस हजार येन सहज लागतात. येनचा भाव आजकाल अर्ध्या रुपयाच्या आसपास फिरतो, असे धरले तरी ही रक्कम पाच ते दहा हजार रुपयांची होते. कापूस वेचणाऱ्या बाईला एवढे पैसे मिळविण्यास किती दिवस वाकावे लागते, हे चुलत्यांना ठाऊक आहे. म्हणून ते बोलले. येथे यजमानाने खर्च केला, मुलाने नव्हे, तेव्हा दोष कोणाचाच नाही. परंतु पुढच्या वेळी खिसा मुलाचा असेल. सणाला, लग्नाला, मोठ्या आनंदाच्या प्रसंगी चांगले जेवावे. प्रभूने कानाच्या लग्नात उपदेशाचे पाणी नव्हे, उत्तम द्राक्षारस दिला. पण सण रोज आला की तो सण राहत नाही. शहरात नवा पगार हाती आला की मुलांना वाटते, महागडे ताट म्हणजे आपण मोठे झाल्याची पावती. त्यांना सांगावे : ज्या महिन्यात घरी पैसे पाठविले, धाकट्या बहिणीची फी भरली आणि कर्जाचा हप्ता चुकविला, त्या महिन्यात ऐपतीप्रमाणे एकदा चांगले जेव, जेव आणि आनंदाने जेव. ज्या महिन्यात हे राहिले, त्या महिन्यात ते ताट तुझे नाही.

आता तो कठीण प्रश्न. पातेली दोन झाली त्याचा.

येथे मला जपानचीच एक जुनी हकीगत उपयोगी वाटते. संत फ्रान्सिस झेव्हिअर १५४९ साली गोव्याहून निघून त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी जपानात कागोशिमा येथे उतरले. त्यांच्या मागून आलेल्या धर्मप्रचारकांना व पोर्तुगीज व्यापाऱ्यांना गोमांसाची सवय होती. पोर्तुगीज भाषेतील गाईच्या शब्दावरून जपानात त्या मांसाला 'वाका' असे नावही पडले. पुढे वरिष्ठ म्हणून आलेले फादर अलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी पाहिले की, या देशातील सभ्य लोकांना गुरे कापण्याचा आणि कातडी वाळविण्याचा मनस्वी तिटकारा आहे. त्यांनी आपल्या लोकांना सांगितले की, आपल्या निवासांत हे करू नये, आणि जपानी रीतीने राहावे, जेवावे. मांस खाणे पाप आहे असे त्यांनी म्हटले नाही. आपल्या जिभेच्या सवयीमुळे दुसऱ्याचे मन दुरावू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण ही सावधगिरी सर्वत्र पाळली गेली नाही. १५८७ साली त्या देशाचा सत्ताधीश हिदेयोशी याने धर्मगुरूंना जे जाब विचारले, त्यांत हाही एक होता : माणसाच्या उपयोगी पडणारी गुरे तुम्ही का खाता? छळाची कारणे अर्थातच याहून फार मोठी आणि राजकीय होती. पुढे दहा वर्षांनी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, नागासाकी येथे जे सव्वीस हुतात्मे क्रुसावर चढले, त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. ते ताटासाठी नव्हे, श्रद्धेसाठी मेले. तरीही त्या जाबांच्या यादीत ताटाची गोष्ट आली होती, हे आपण विसरू नये. श्रद्धेसाठी मन दुखावणे कधी अपरिहार्य असते. जिभेसाठी ते दुखावणे कधीच अपरिहार्य नसते.

करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना संत पौलाने हेच समजाविले. तेथे बाजारातील मांसाविषयी वाद होता. पौलाचा निवाडा असा की, खाणाऱ्याचे स्वातंत्र्य खरे आहे, परंतु त्या स्वातंत्र्याने भाऊ ठेचाळत असेल तर प्रीती स्वातंत्र्याहून मोठी आहे. वाचकहो, यात एक बारकावा आहे. पौल असे म्हणत नाही की, दुसरा रागावेल म्हणून भिऊन राहा. तो म्हणतो, दुसरा तुझा भाऊ आहे म्हणून जपून राहा. भय आणि प्रीती यांचे बाहेरचे वागणे कधी कधी एकच दिसते. आतले मूळ वेगळे असते.

तेव्हा मुलाने मित्राची क्षमा मागावी काय? खाल्ल्याबद्दल क्षमा मागू नये. कारण जे पाप नव्हे त्याची क्षमा मागणे हेही एक प्रकारचे असत्यच आहे, आणि अशा क्षमेवर उभी राहिलेली मैत्री पुढच्या प्रसंगी पुन्हा कोसळते. परंतु ज्याच्या घरी गाईला माता मानतात, त्याच्या हाती ती छायाचित्रे कौतुकाने देताना त्याच्या मनाचा विचार राहून गेला. तेवढ्यापुरते "तुला वाईट वाटले, याचे मला वाईट वाटते" असे सरळ म्हणावे. आणि पुढे सांगावे : "आपल्या खोलीत, आपल्या पातेल्यात ते कधी आले नाही, येणारही नाही." बैतूलच्या त्या तरुणाच्या मनात बहुधा हीच शंका असावी. वेगळे पातेले हे दर वेळी द्वेषाचे चिन्ह नसते. कित्येकदा ते न विचारलेल्या प्रश्नाचे चिन्ह असते. प्रश्न आपणच आधी बोलून टाकावा. त्यानंतरही मित्राने वेगळेच शिजविले, तर रुसू नये. त्याच्या भातालाही आपल्या प्रार्थनेइतकाच मान द्यावा, आणि वाट पाहावी.

कायद्याची बाजूही स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण आपले कित्येक तरुण नोकरीसाठी परप्रांतांत जातात आणि तेथील नियम त्यांना ठाऊक नसतात. जपानात जे खाल्ले ते तेथील कायद्याप्रमाणे रीतसर होते. त्याचा येथे काही दोष लागत नाही. मध्य प्रदेशात मात्र २००४ च्या कायद्याने गाय, बैल, वळू, वासरू या सर्वांची कत्तल बंद आहे, आणि त्यांचे मांस बाळगणे व वाहून नेणे हाही गुन्हा आहे. पुढे या कायद्यात दुरुस्ती होऊन कत्तलीची शिक्षा सात वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. आपल्या महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद होती. २०१५ साली बैल व वळू यांनाही ती बंदी लागू झाली. परराज्यांतून रीतसर आलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द केले. परदेशातून गोमांस भारतात आणण्यास तर मुळातच मनाई आहे. म्हणजे जपानचे ते मांस भोपाळात रीतसर मिळणे शक्यच नाही. कोणी "आमच्याकडे तसलेच आहे" असे सांगून बोलाविले, तर एक तर ते खोटे आहे किंवा बेकायदा आहे. दोन्ही परींनी तेथून दूर राहावे. या कायद्यांविषयी मतभेद आहेत. म्हाताऱ्या बैलाचे करायचे काय, हे शेतकऱ्याचे दुखणेही खरे आहे, आणि ते सनदशीर मार्गाने जरूर मांडावे. परंतु कायदा आहे तोवर तो पाळावा. आणि आपल्या मुलांनी भर वस्तीत, आगगाडीत, दूरध्वनीवरच्या गटांत या विषयावर पैजा मारू नयेत. एखाद्या अफवेने निरपराध माणसांचे जीव गेल्याच्या घटना या देशात घडल्या आहेत. येथे सावध राहणे याला भित्रेपणा म्हणत नाहीत.

आता शेवटचा प्रश्न : नाताळात भोपाळला जावे काय? भगिनी, अवश्य जावे. तसले जेवण तेथे मिळणार नाही; परंतु निखाऱ्यावर भाजलेले मांस म्हणजे काय, हे भोपाळला जपानकडून शिकावे लागत नाही. ते नवाबांचे आणि बेगमांचे शहर आहे. १८१९ पासून १९२६ पर्यंत जवळजवळ सलग चार बेगमांनी ते राज्य चालविले : कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान. त्यांच्या मुदपाकखान्यातील कोर्मा, रिझाला आणि कबाब आजही जुन्या शहरात टिकून आहेत. संध्याकाळी चौकाकडच्या, इब्राहिमपुऱ्याच्या गल्ल्यांतून जाताना कोळशावर फिरणाऱ्या लोखंडी सळया दिसतात, ठिणग्या उडतात, आणि कांद्याच्या चकत्या व हिरवी चटणी यांसह कागदावर कबाब हाती येतो. तेथे 'छोटे का' म्हणजे बकऱ्याचे आणि 'बडे का' म्हणजे म्हशीचे मांस, एवढे ध्यानी ठेवावे. विचारून घ्यावे, आणि पत्रकप्रमाणपत्र बाळगणाऱ्या, नावाजलेल्या दुकानातच बसावे. मी स्वतः धर्मप्रांतीय कामानिमित्त त्या शहरी गेलो असता पाहिले की, त्या अरुंद बाकावर मौलवी, शीख चालक आणि महाविद्यालयातील मुले शेजारी शेजारी बसली होती. जपानी भोजनगृहातील मेज उंची असेल, पण त्याला ही शेजारपंगत नव्हती.

शिवाय आपल्या लोकांना त्या शहराशी वेगळेही नाते आहे. बेगमांच्या मुसलमान दरबारात एका कॅथोलिक घराण्याला मोठा मान होता. स्वतःला फ्रान्सच्या राजवंशातील म्हणविणारे हे बोर्बन कुटुंब. त्यांतील बाल्थाझार बोर्बन यांना लोक शहजाद मसीह म्हणत आणि राज्यकारभारात त्यांचा शब्द चाले. त्या दरबारात एकमेकांच्या पंगतीस कोणी काय वाढावे व काय वाढू नये, याची जाण दोन्हीकडे असल्यावाचून पिढ्यान्‌पिढ्यांचा तो विश्वास टिकला नसता. पुढे १९६३ साली भोपाळ महाधर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले आर्चबिशप युजीन डिसोझा हे आपल्या नागपूरहूनच तेथे गेले. नाताळची मिस्सा आपण जहांगीराबादेतील कॅथेड्रलात ऐकावी. भाषा हिंदी असेल, पण गव्हाणीतला बाळ ओळखीचाच असेल.

आता एक विनंती. मुलाला सांगा की, आई-बाबांना मेजवानी द्यायची ती दोन भागांत दे. एका संध्याकाळी जुन्या शहरात कबाब. खर्च काही शेकड्यांत भागेल, आणि बाबांना लोखंडी सळईची ती कारागिरी पाहून आनंद होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बैतूलच्या मुलाला बोलवा, आणि सर्वांनी मिळून भोपाळी पोहे व गरम जिलेबी खा. दुपारी मात्र बाहेर कोठे जाऊ नका. आपण त्याच खोलीत, त्याच्या परवानगीने, त्याच्या पातेल्यात आपल्या हातचे पिठले आणि ज्वारीची भाकरी करा. बैतूलकडे ती भाकरी परकी नाही. मुलांना जे शब्दांनी जमत नाही, ते आईच्या भाकरीने कित्येकदा सहज जमते. त्याने त्या पातेल्यातले वाढून घेतले, तर देवाचे आभार माना. नाही घेतले, तरी त्याच्यासाठी एक भाकरी झाकून ठेवा.

आणि जाताना छायाचित्रांची भीती बाळगू नका. ती घरच्या संग्रहात राहू द्या. मुलगा परदेशी गेला, शिकला, मानाने जेवला, ही अभिमानाची गोष्ट आहे. ज्यांच्या पणजोबांना गावच्या पंगतीत जागा नव्हती, त्यांच्या नातवाला समुद्रापलीकडच्या लोकांनी आपल्या मेजावर शेजारी बसविले. आता भोपाळच्या त्या लहानशा खोलीत त्याने दुसऱ्यासाठी जागा करावयाची आहे.

पुढील अंकात, दोन भावांच्या सामाईक विहिरीविषयी आलेल्या पत्राचा विचार करू.